बाहेरचा एक फसला पाहिजे

पुस्तक लिहिणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. पण लिहून झालेल्या पुस्तकाला वाचक शोधणं त्याहून अवघड असतं. त्यातून लेखक हयात नसेल तर फारच पंचाईत होते, कारण ज्याला त्याला सही त्याचीच हवी असते.

पहिली सही मागितली टेम्पोवाल्याने. छापखान्यातून खोकी घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मनोहरराव कोन आहे? त्यायची सही पाह्यजे." बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी काय सांगावं याचा विचार करत असताना आईने त्याच्या हातातून पेन घेतलं, 'मनोहरराव' अशी झोकदार सही ठोकली आणि खोकी दिवाणाखाली सरकवायला लावली.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू दे तिथं," ती मला म्हणाली. "मंग मले गव्हाले जागा लागंल."

आमच्या घरात वर्षाचा गहू दिवाणाखालीच राहतो. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना एक वेळ जमिनीवर झोपवलं जाईल, पण गव्हाची जागा कोणाला मिळत नाही. त्यामुळे आईने वर्षभराची सवलत दिली, हेच पुष्कळ होतं.

पुस्तकाचं नाव 'तिसऱ्या गोदामाची किल्ली'. रहस्यकथा. बाबा वजनमापे निरीक्षक होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी इतवारीतल्या धान्यबाजारात काटे तपासण्यात घालवली. त्यांच्या कथांमधले काळबांडे साहेबही वजनमापे निरीक्षकच. काळबांडे साहेबांकडे बंदूक नाही, ते पाइप ओढत नाहीत. खिशात शंभर ग्रॅमचं पितळी वजन असतं आणि विचार करताना साहेब ते तळहातावर खेळवतात. एवढ्यावर त्यांनी पाच पुस्तकांत पाच खुनी पकडले. हे सहावं.

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या कपाटात ज्या प्रकारची पुस्तकं आहेत त्या प्रकारात काळबांडे साहेब बसत नाहीत, असं स्टाफरूममध्ये सर्वांचं मत आहे. बाबांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, "कवितेचा वाचक लेखकाले समजून घ्यायले येते. रहस्यकथेचा वाचक लेखकाले पकडायले येते. त्याले पकडू द्यायचं नाही, अन् त्याले राग बी येऊ द्यायचा नाही. सगळे पुरावे त्याच्या पारड्यात टाकायचे, काटा मारायचा नाही, अन् तरी तो फसला पाह्यजे. मंग तो पुढचं पुस्तक मागते."

त्यासाठी त्यांची एक पद्धत होती. कोणी त्यांचं पुस्तक वाचत असल्याचं कळलं की ते त्याला मध्यावर गाठायचे आणि विचारायचे, "संशय कोणावर?" समोरच्याने चुकीचं नाव घेतलं की बाबांचा चेहरा उजळायचा. ते बरोबर-चूक काही सांगायचे नाहीत. फक्त चहा सांगायचे. आमच्या ओळखीत असे बरेच लोक होते की ज्यांना बाबांनी आपल्याला चहा का पाजला, हे शेवटचं पान वाचल्यावर कळलं.

सहाव्या पुस्तकाचं हस्तलिखित मी वाचलं आणि मध्यावर त्यांनी विचारलं तेव्हा बरोबर नाव सांगितलं. ते हिरमुसले नाहीत. म्हणाले, "तू नाही चालत. तू घरची आहे. तुले माझं डोकं माहीत आहे. बाहेरचा एक फसला पाह्यजे."

मग पुस्तक छापायला गेलं, बाबा हॉस्पिटलात गेले, आणि बाहेरच्या कोणाला विचारायचं राहून गेलं.

माझं काम तसं एवढंसंच होतं. बाहेरचा एक वाचक शोधायचा, त्याला मध्यावर गाठायचं आणि विचारायचं. एक माणूस. हे काम दिवाळीपर्यंत उरकेल असं मी धरून चालले होते.

पहिला सल्ला पुण्याहून माझ्या भावाचा, रोहितचा आला. तो कुठल्याशा कंपनीत लोकांना साबण घ्यायला लावतो. "ताई, आधी टार्गेट ऑडियन्स डिफाइन कर," तो फोनवर म्हणाला. "वाचकाचा एक पर्सोना तयार कर. वय काय, उत्पन्न काय, सकाळी काय खातो."

"सकाळी काय खातो याचा खुनाशी काय संबंध?"

"तू तयार तर कर."

मी प्रामाणिकपणे तयार केला. वय साठ, पोहे खातो, संशयी स्वभाव. वाचून पाहिलं तर ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या रुपरावकाकांचं वर्णन निघालं. "तू स्वतः वाचलंस का पुस्तक?" मी रोहितला विचारलं. तो म्हणाला, "पीडीएफ पाठव ना, वीकेंडला बघतो." कुठला वीकेंड, ते त्याने सांगितलं नाही.

रुपरावकाका वीज कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीतल्या सर्व कामांचा भार त्यांनी न मागता उचललेला आहे. मी त्यांना पुस्तक दिलं. त्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "वाचतो ना, वाचतो. पण आधी याले मार्केटमध्ये टाक. दुकानात दिसल्याशिवाय माणसाले वाचावंसं वाटत नाही."

म्हणून मी सीताबर्डीला गेले. दुकानदाराने मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर गोदामाचं दार, किल्ली आणि रक्ताचे चार थेंब होते. चित्रकाराने थेंब जरा उदार हाताने काढले होते.

"स्पर्धा परीक्षेचं आहे का मॅडम?"

"नाही. खून आहे."

"सिलॅबसमध्ये आहे?"

"कोणाच्या?"

"तेच तं विचारून राह्यलो." त्याने पुस्तक अदबीने परत केलं. "सिलॅबसमध्ये आलं की आणा."

दुसरा प्रयत्न सार्वजनिक वाचनालय. तिथे दोन प्रती भेट द्यायच्या, एवढंच माझ्या मनात होतं. पण भेट देणं हे विकण्यापेक्षा किचकट असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ग्रंथपाल म्हणाले, देणगीसोबत लेखकाचं संमतिपत्र लागतं.

"लेखक वारले आहेत."

"अरेरे. मग त्यांच्या संमतीशिवाय कसं घेणार?"

"मी त्यांची मुलगी आहे. मी संमती देते."

"एकट्याच आहात का?"

"एक भाऊ आहे, पुण्याला."

"मग त्यांची ना-हरकत."

रोहितने ना-हरकत पाठवली. त्या कामाला त्याला वीकेंड लागला नाही. त्यानंतर समितीची बैठक झाली आणि पुस्तक एकदाचं दाखल झालं. मी लगेच जाऊन रहस्यकथांचं कपाट धुंडाळलं. नव्हतं. शिपायाने शोधून काढलं ते व्यापार आणि उद्योग या कपाटातून. नावात गोदाम होतं ना. मी बदलून ठेवा म्हणाले, तेव्हा त्यासाठी पुन्हा समितीची बैठक लागेल असं कळलं.

पण पुढच्याच आठवड्यात फोन आला. पुस्तकाच्या शेवटी आमचा नंबर छापला होता. "मॅडम, ते गोदामाचं पुस्तक तुमचं का?"

मी उठून उभीच राहिले. "हो! वाचलंत?"

"वाचलं ना. मले गोदामासाठी अनुदान पाह्यजे होतं म्हणून नेलं घरी. बारा पानं वाचली अन् पोत्याखालून मुडदाच निघाला."

"मग पुढे? संशय कोणावर?" मी घाईघाईने विचारलं.

"तुमच्यावर," तो म्हणाला. "फसवणुकीचा." आणि फोन ठेवला.

बाहेरचा एक फसला होता. पण बाबांना हवा होता तसा नव्हे. मी तो धरला नाही.

"असं नसते होत," रुपरावकाका म्हणाले. "प्रकाशन करा लागते. मोठा पाहुणा पाह्यजे, हार पाह्यजे, फोटो पाह्यजे. मनोहरभाऊचं पुस्तक असं गुपचूप काहून आलं?"

कामिनीकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, खाण्याच्या बाजूने विचार करतात. त्या म्हणाल्या, "तर्री पोहे ठेव. पोहे असले की पुस्तक कसंबी चालते."

इमारतीच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरलं. पाहुणे म्हणून काकांनी एक निवृत्त प्राचार्य गाठले. ते व्यासंगी होते. त्यांना मी पंधरा दिवस आधी प्रत नेऊन दिली आणि सुचवून पाहिलं, "सर, रहस्यकथा आहे. भाषणात शेवट नको यायला."

"असं कसं! मी जबाबदार माणूस आहे," ते म्हणाले.

समारंभाला हॉल भरला. माझ्या स्टाफरूमचे लोकही आले होते आणि आपण इथे केवळ माणुसकीपोटी आहोत, हे त्यांच्या बसण्यातून कळत होतं. प्राचार्य उभे राहिले. प्रथम त्यांनी रहस्यकथा या प्रकाराला फारसं वाङ्मयीन मूल्य नसतं, असं सांगितलं. मग या पुस्तकाला मात्र आहे, असं सांगितलं. कारण विचारताच, म्हणजे विचारलं कोणीच नव्हतं, ते माइकवर वाकून म्हणाले, "कारण वरवर पाहता या कादंबरीत खून करतो तो..." आणि त्यांनी नाव घेतलं. चांगलं पूर्ण, आडनावासकट. "पण मित्रहो, खरा खुनी तो नाही. खरा खुनी समाज आहे!"

टाळ्या पडल्या. ते नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी कोणी अजून वाचलं नसेल तर उगाच कशाला?

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी नुकतीच विकत घेतलेली प्रत उघडली, शेवटचं पान पाहिलं, प्राचार्य बरोबर बोलल्याची खात्री केली आणि प्रत टेबलावर परत ठेवून ते पोह्यांच्या दिशेने गेले.

मी हॉलच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. काका प्लेट घेऊन आले. "टेन्शन नको घेऊ बेटा. अर्धे लोक झोपले होते, अन् बाकीच्यायले तर्रीचा वास येऊन राह्यला होता. खुनी कोण ते उद्या एकालेबी आठवणार नाही. मलेच आठवत नाही आता."

मराठी वक्तृत्वावर इतका दिलासा देणारा अभिप्राय मी तोवर ऐकला नव्हता. पण दिवाणाखालची खोकी तशीच राहिली.

हिवाळा गेला. संत्री आली आणि गेली. आईने दिवाणाखाली वाकून पाहणं सुरू केलं. झाडू मारताना खोक्यांशी आली की झाडू जरा जास्त वाजायचा. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आधी एकदा ती म्हणाली, "गहू येते आता. रद्दीवाल्याले नको देऊ. पण काहीतरी कर वं."

तेव्हा कामिनीकाकूंना कल्पना सुचली. "लोक वर्षश्राद्धाले स्टीलचे डबे वाटतात, गीता वाटतात. तू मनोहरभाऊचंच पुस्तक वाट ना. त्यायचा आत्माबी खूश होईल अन् दिवाणबी मोकळा होईल."

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पाहुणे येणार, हातात प्रत पडणार, दुपारी जेवून आडवे झाले की चाळणार. गेलेल्या माणसाचं पुस्तक त्याच्या नातेवाइकांनी नाही वाचायचं तर कोणी? पण काकूंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि त्या मागे सरल्या. "बापा! श्राद्धाच्या दिवशी हे रक्त देशील लोकायच्या हातात?"

म्हणून आम्ही प्रतींना पिवळी वेष्टणं चढवली. काकूंनी वेष्टणाच्या मधोमध बाबांचा फोटो चिकटवला, वर 'श्री' लिहिलं, खाली 'कै. मनोहररावांच्या स्मरणार्थ'. प्रत्येक प्रतीला हळदकुंकवाचं बोट लावलं. मी बाजूला बसून वेष्टणं दुमडत होते. त्या गठ्ठ्याकडे बघून मला काहीतरी खटकलं होतं. नेमकं काय, ते तेव्हा उमजलं नाही.

श्राद्ध झालं. जाताना प्रत्येकाला एक प्रत दिली. प्रत्येकाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. रहस्यकथेला एवढा मान मिळालेला मी प्रथमच पाहत होते. रोहितही आला होता. त्यानेही कपाळाला लावली.

आठ-दहा दिवसांनी मी वर्ध्याच्या आत्याला फोन केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर सहज विचारलं, "आत्या, पुस्तक वाचते आहेस का?"

"नाही वं. चातुर्मासात धरीन. तवर पाटावर ठेवलं आहे."

"कशाच्या पाटावर?"

"देवाच्या."

मी फोन ठेवला आणि तशीच वर काकूंकडे गेले. देवघरात बाळकृष्ण होता, गजानन महाराज होते, समई होती, आणि तांदळाच्या छोट्या राशीवर 'तिसऱ्या गोदामाची किल्ली' होती. झेंडूचं फूल वाहिलेली.

"काकू, उघडून नाही पाहिलं?"

"अवं, असं कसं उघडू? सोवळ्यात उघडा लागते. सवड कुठं भेटून राह्यली?"

त्या प्रतीच्या आत, बाराव्या पानावर, तुरीच्या पोत्यांखाली एक आडत्या मरून पडलेला होता. त्याच्या पुढ्यात रोज सकाळी दुधाची वाटी ठेवली जात होती. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण काकूंनी जाता जाता बाबांच्या फोटोला हात जोडले, आणि मी ते परत मिटलं. मीच वेष्टणं दुमडली होती.

म्हणजे हिशेब असा झाला की नागपूर, वर्धा आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून बाबांचं पुस्तक आता घरोघरी होतं आणि ते कोणी उघडणार नव्हतं. कवींना हेवा वाटावा असा मान, आणि वाचक शून्य. दिवाणाखाली एकच खोकं उरलं. आई म्हणाली, "एक राहू दे. गव्हाच्या बाजूले बसते." तिने एवढं म्हटलं तेव्हा मी ओळखलं की तिनेही आशा सोडली आहे.

मे महिन्याच्या ऐन तडाख्यात रुपरावकाकांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. रामदासपेठेतल्या त्याच हॉस्पिटलात, जिथे बाबा होते. वर्षभर मी त्या बाजूला जायचं असलं की ऑटोवाल्याला लांबचा रस्ता सांगत होते. त्यांना वाटायचं, मॅडमला नागपूर माहीत नाही. काकांना भेटायला जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी डबा आईच्या हाती पाठवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. "दीपा, लवकर ये वं! मनोहरभाऊची पोथी चोरीले गेली."

"कसली पोथी?"

"तेच, तुमचं पुस्तक. यायच्या उशाशी ठेवली होती मी, ऑपरेशन नीट व्हावं म्हणून. कालपासून दिसत नाही. अपशकुन झाला तं काय करू?"

मी निघाले. ऑटोवाल्याला लांबचा रस्ता सांगायचं लक्षात राहिलं नाही.

जिन्याशी पहारेकरी खुर्चीवर बसला होता. "पास," तो म्हणाला. मान वर केली नाही. पास काकूंकडे होता. मी समजावून सांगायला लागले, भेटीची वेळ नाही तरी, म्हातारा माणूस आहे तरी. तो ऐकत नव्हता. तो गुडघ्यावर काही कागद ठेवून वाचत होता. सुटी पानं, बाजूने फाटलेली. मी सहज नजर टाकली आणि मला एक ओळ दिसली: 'काळबांडे साहेबांनी पितळी वजन तळहातावर दोनदा उडवलं.'

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"थांबा ना मॅडम, मुनीम कबूल करून राह्यला." त्याने पान उलटलं. मागे पान नव्हतं. "हट! इथंच संपलं. तुम्ही वर जाऊन राह्यल्या ना? गुरुजीले सांगा, पहारेकऱ्याचं वाचून झालं, पुढचं खाली पाठवा."

पासाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरबाहेर निळ्या खुर्च्यांच्या रांगा आहेत. त्या मला पाठ आहेत. खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीचा हात मोडका आहे, त्या खुर्चीत मी बसत असे. तिथे बसणारे लोक काय करतात, हेही मला माहीत होतं. ते भिंतीकडे बघतात. मोबाइल किती वेळ बघणार? बॅटरी संपते आणि दार काही उघडत नाही.

आज कोणी भिंतीकडे बघत नव्हतं. सगळे वाचत होते. प्रत्येकाच्या हातात पाच-सहा पानांची जुडी होती. मी पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्या माणसाशी बोलत नाही. इथे बाबांचं पुस्तक शिवणीतून उसवून चिंध्या केलेलं होतं, आणि मोडक्या खुर्चीत बसलेले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ शाळेत पेपर वाटावेत तसे त्याचे गठ्ठे वाटत होते.

"चवथा भाग कोणाकडे आहे? लवकर करा. तुमच्यामागे तीन माणसं आहेत."

"गुरुजी, मले तिसरा भेटलाच नाही, डायरेक्ट पाचवा देला."

"म्हणून तुम्हाले पुतण्यावर संशय येऊन राह्यला. तिसरा वाचा, मग बोला."

काकू वॉर्डाच्या दारात हतबुद्ध उभ्या होत्या. "पाह्य वं," त्या मला म्हणाल्या. "पोथी फाडली लोकायनं."

त्यावर कोपऱ्यातल्या एक बाई उठल्या. जाडसर, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर डब्याची पिशवी. "मी नेली ताई. रागावू नका. मी कौशल्या, हिंगणघाटची. आमच्या घरच्यायले मूतखड्यासाठी आणलं. आत नेलं तवा हातपाय कापून राह्यले होते माहे. तुमच्या उशाशी पोथी दिसली. म्हटलं, दोन पानं वाचतो, जिवाले बरं वाटंल. हात जोडले अन् उघडली." त्या थांबल्या. "तं मुडदाच निघाला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? म्हटलं, पुराणातबी मारामारी असतेच. पुढं देव येईल. पुढं वजनमापवाले साहेब आले. मंग म्या नाही ठेवली खाली. घरच्यायले बाहेर आणलं तं सिस्टर हाका मारून राह्यली, अन् मी म्हणते, थांब वं माय, किल्ली कोणाकडे होती तेवढं पाहू दे."

मग शेजारच्या खुर्चीने मागितलं, तिच्या शेजारच्या खुर्चीने मागितलं, आणि थांबायला कोणीच तयार नव्हतं. काटोलचे निवृत्त मुख्याध्यापक बाबाराव गुरुजी आपल्या बायकोच्या गुडघ्यासाठी आले होते. त्यांनी तोडगा काढला: पुस्तक भागाभागांत फाडायचं आणि नंबराने फिरवायचं. कालचा दिवस सगळं शिस्तीत चाललं. आज सकाळी उमरेडच्या एका माणसाच्या भावाला डिस्चार्ज मिळाला. बिलाच्या गडबडीत तो माणूस निघून गेला आणि त्याच्या खिशात शेवटचा भाग गेला.

"म्हणजे खुनी उमरेडले गेला," गुरुजी खिन्नपणे म्हणाले. "आम्ही बसलो इथं."

"अन् त्यायचा फोटो मी नाही फाडू देला बरं," कौशल्याबाई घाईने म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पिवळं वेष्टण काढलं, नीट चौकोनी घडी केलेलं. "कोण होते वं हे? इतकं चांगलं फसवते माणूस."

"हिचे बाबा," काकू म्हणाल्या.

गुरुजींनी मोडक्या हाताच्या खुर्चीतून उठून ती मला दिली. मी बसले. कौशल्याबाई माझ्याकडे वाकल्या, आणि एका दमात म्हणाल्या, "म्हणजे तुमाले माहीत आहे! कोणं मारलं ते सांगा ना वं माय. जीव टांगणीले लागला."

बाहेरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"संशय कोणावर?"

एकदम कालवा झाला. कौशल्याबाई म्हणाल्या, पुतण्या. त्याच्या चपला पाह्यल्या म्या. गुरुजी म्हणाले, हमालांचा मुकादम, आणि कारणं सांगायला एक एक बोट मोडू लागले. कोणी म्हणालं, दुसरी बायको. पहारेकरी जिन्यातून वर आला होता, तो ओरडला, "मुनीम! त्यानं कबूल केलं ना!" गुरुजी म्हणाले, "कबूल केलं म्हणूनच तो नाही, एवढंबी कळत नाही?" आणि वॉर्डाच्या दारात, सलाइनचा स्टँड हातात धरून, रुपरावकाका प्रकट झाले. प्राचार्यांच्या भाषणाला काका पहिल्या रांगेत होते. नाव माइकवरून त्यांनी ऐकलेलं होतं. ते छाती काढून म्हणाले, "मी सांगतो. गोदामाचा चौकीदार. शंभर टक्के."

मी सर्वांचं ऐकून घेतलं. एकेका नावावर मान डोलावली. पुतण्या नाही, मुकादम नाही, दुसरी बायको नाही, मुनीम नाही, चौकीदार नाही. एकही नाही.

"बरोबर कोण?" गुरुजींनी विचारलं.

"उरलेलं खोकं घरी आहे," मी म्हणाले. "संध्याकाळच्या आत आणते. प्रत्येकाला अख्खं पुस्तक. फाडायचं नाही."

"अन् मी पुन्हा पहिल्यापासून पाहीन," कौशल्याबाई म्हणाल्या. "मले फसवलं कुठं, ते पाह्यलंच पाह्यजे. यायचं आणखी एखांदं असंल तं तेबी आणजा."

मी कॉरिडॉरच्या टोकाला गेले आणि आईला फोन लावला. ती झोपेतून उठली असावी.

"आई, दिवाणाखालचं खोकं बाहेर काढून ठेव."

"काहून? रद्दीवाला आला का?"

"नाही. फसले."

"कोण?"

"सगळेच. बाहेरचे आहेत सगळे. एकालाही नाही ओळखता आलं."

पलीकडून दिवाणाखालचं खोकं ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "अन् तू फोनवर काय बोलून राह्यली? जा, चहा सांग त्यायले."